लोइब्लांच्या कबरीवरची चार बोटं माती

बव्हेरियातल्या आमच्या हिंटररीडमध्ये क्विरिन आयझनरीडरनं ज्यांच्यावर कधी उघड संशय घेतला नाही असे एकच गृहस्थ होते, ते म्हणजे वेदीवरचे संत लिओनहार्ड. तेही लाकडाचे असल्यामुळे. आणि त्यांच्या डाव्या पायात वाळवी असावी अशी शंका त्याला होतीच. बाकी सगळं गाव संशयित. मिस्साला उशिरा येणारे संशयित, कारण ते कुठून येतात ते सांगत नसत. वेळेच्या आधी येणारे त्याहून जास्त संशयित, कारण देवळात एवढी घाई निर्दोष माणसाला कशाला असेल?

क्विरिन आमच्या चर्चचा मेस्नर. घंटा, किल्ल्या, मेणबत्त्या, वेदीची फुलं आणि चर्चला लागून असलेल्या कबरस्तानातलं खोदकाम, हे सगळं त्याच्याकडे. त्याच्या आधी हे काम त्याचा बाप बार्थल करायचा, बार्थलच्या आधी आजा. उरलेल्या वेळात तो सुतारकी करी, आणि ती चांगली करी. गावातली निम्मी दारं त्याची आहेत आणि त्यांतलं एकही करकरत नाही, ज्यामुळे कोण कधी आलं-गेलं ते कळत नाही अशी त्याची स्वतःचीच तक्रार असते. लग्न केलं नाही. कारण विचारलं की सांगायचा, "विचारलं होतं एकीला. ती लगेच हो म्हणाली. मग मला शंका आली."

आणखी एक गोष्ट होती, जी आमच्या गावात लग्न न करण्यापेक्षा जास्त खटकते. त्यानं कधी जनावर पाळलं नाही. माणसांपेक्षा गाई जास्त असलेल्या या गावात त्याच्या अंगणात कोंबडीसुद्धा नव्हती. मांजर चर्चच्या वस्त्रागाराच्या खिडकीत येऊन बसलं की तो त्याला हुसकून लावायचा. रागानं नाही, एखाद्या बिनतिकिटाच्या प्रवाशाला उतरवावं तसा.

त्याचं तत्त्वज्ञान दर वर्षी सहा नोव्हेंबरला ऐकायला मिळे. त्या दिवशी संत लिओनहार्डांचा सण. ते गुराढोरांचे कैवारी. आसपासच्या गावांतले घोडे शेपट्या गुंफून, गळ्यात घुंगुरमाळा घालून चर्चला तीन फेऱ्या मारतात आणि फादर त्यांच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. बादली तीच, जी पाच दिवस आधी, एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणादिवशी कबरींवर पाणी शिंपडायला वापरलेली असते. मधल्या पाच दिवसांत क्विरिन ती तीनदा घासायचा. मेलेल्यांचं घोड्यांना लागू नये म्हणून, की पुढल्या वर्षी घोड्यांचं मेलेल्यांना लागू नये म्हणून, हे त्यानं कधी सांगितलं नाही. शहरातून आलेला एखादा पाहुणा हमखास विचारायचा की मग घोड्याला आत्मा असतो का. क्विरिन म्हणायचा, की आम्ही आगीच्या बंबालाही आशीर्वाद देतो. तो नीट चालावा म्हणून. मेल्यावर बंब स्वर्गात जात नाही, भंगारात जातो.

मी इथं एकतीस वर्षं शाळामास्तर होतो आणि पुस्तकं वाचायची सवय अजून सुटलेली नाही. एकदा मी त्याला सांगायला गेलो, की प्रकरण इतकं सोपं नाही. मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी जनावरांना आत्मा दिला होता. फक्त तो शरीराबरोबर विझतो, मेणबत्तीबरोबर ज्योत विझावी तसा. पुढं एका फ्रेंच तत्त्वज्ञानं तोही काढून घेतला. म्हणाला, कुत्रा हे एक घड्याळ आहे आणि लाथ बसल्यावर जे ऐकू येतं ते स्प्रिंगचं कुरकुरणं. त्याच्या स्वतःच्या घरी एक लाडका कुत्रा होता म्हणतात. क्विरिननं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"त्या कुत्र्याला पुरलं कुठं, मास्तर?"

मला ठाऊक नव्हतं. त्यानं मान हलवली. कुठंतरी पाणी मुरतंय, असा त्या मान हलवण्याचा अर्थ.

तर अशा माणसाच्या हद्दीत गेल्या सप्टेंबरात वास्टल मेला.

वास्टल हा वाल्बुर्गा लोइब्लचा कुत्रा. आखूड पायांचा, लांब अंगाचा, तपकिरी, पंधरा वर्षांचा. वाल्बुर्गाला सगळे बुर्गी म्हणतात. ती क्विरिनच्याच वर्गातली, म्हणजे अडुसष्ट वर्षांची. तिचा नवरा कास्पार तेहेतीस वर्षं दुधाचा टँकर चालवायचा आणि शेवटची नऊ वर्षं शेजारच्या सीटवर वास्टल बसलेला असायचा. कास्पार सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून बुर्गी रोज दहाच्या सुमाराला कबरीवर यायची आणि वास्टलला फाटकाशी बांधायची, कारण तिथं कुत्र्याच्या चित्रावर लाल काट मारलेली पाटी आहे. पाटी क्विरिननं रंगवलेली. चित्रातला कुत्रा आखूड पायांचा आहे. हा योगायोग, असं त्याचं म्हणणं.

वास्टलचं शेवटी काय केलं, याबद्दल बुर्गीनं बेकरीवालीला सांगितलं की डॉक्टर घेऊन गेले. शेजारणीला सांगितलं की मुलगा रोझनहाइमला घेऊन गेला आणि पेअरच्या झाडाखाली पुरलं. मला म्हणाली, "गेला, मास्तर," आणि पाव घेऊन जिना चढून गेली. घर विकल्यापासून ती बेकरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. तिला बाग नाही. हे तिन्ही जबाब क्विरिननं आठवड्याभरात गोळा केले. डॉक्टर त्या आठवड्यात सुट्टीवर होते. मुलगा रोझनहाइमला तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"तिसऱ्या मजल्यावर पेअरचं झाड," क्विरिन मला म्हणाला. पुढं काही बोलला नाही. पुराव्याला बोलू द्यावं अशी त्याची पद्धत.

पुरावा लोइब्लांच्या कबरीत होता. कबरीची माती वर्षानुवर्षं खाली बसत जाते. कास्पारची बसली होती, दोनदा क्विरिननंच वर भर घातली होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती पायाच्या बाजूला चार बोटं वर आली. खणून काढलेली माती परत तेवढ्याच खड्ड्यात मावत नाही, हे कबर खोदणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात खाली काही ठेवलं असेल तर मुळीच मावत नाही. शिवाय बिगोनियाची रोपं उपटून पुन्हा लावलेली दिसत होती. आमच्याकडे कबरीवरची उन्हाळी रोपं ऑक्टोबरच्या शेवटी काढतात आणि सर्व संतांच्या सणाआधी थंडीची लावतात. सप्टेंबरात बिगोनिया कुणी हलवत नाही. ज्याला खाली जायचं आहे त्याच्याखेरीज.

क्विरिन फादरांकडे गेला. ही तक्रार साधी नव्हती, आणि ते बुर्गीखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. किंवा तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. कबरस्तान चर्चच्या मालकीचं. जागा ठरावीक वर्षांसाठी कुटुंबाला वापरायला मिळते आणि नियमावलीत लिहिलं आहे की परवानगीशिवाय काहीही पुरल्यास जागेचा हक्क काढून घेता येईल. लोइब्लांची कबर दोघांची आहे. दगडावर कास्पारच्या नावाखाली बुर्गीचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेलं; पुढं एक आडवी रेघ आणि कोरी जागा. हक्क गेला तर ती रेघ तशीच राहणार आणि बुर्गी पडणार दुसरीकडे, मागच्या नव्या आवारात, पार्किंगच्या बाजूला. नवऱ्याजवळची ती एक जागा सोडली तर तिला गावात स्वतःचं म्हणून काही उरलेलं नव्हतं.

आमचे फादर शिबू केरळचे. बव्हेरियात आता अर्ध्या गावांना फादर तिकडूनच येतात. इथल्या आयांनी चर्चला मुलगे द्यायचं बंद केल्याला बराच काळ झाला. ते आले तेव्हा गावाला संशय होता, की हे हिंदुस्तानातले, म्हणजे गाईत आत्मा बघणार, आणि मग लिओनहार्डच्या सणाला काय काय ऐकावं लागेल कोण जाणे. पहिल्याच वर्षी त्यांनी सणाच्या जेवणाला स्वतःच्या हातानं खोबऱ्याचे काप घालून परतलेलं गाईचं मटण आणलं आणि सांगितलं की आमच्या घरी हा प्रश्न एकोणीसशे वर्षांपूर्वी, ख्रिस्ती झालो तेव्हाच, ताटात सुटला. गावाचा जीव भांड्यात पडला. क्विरिनचा पडला नाही. इतकं तिखट करण्यामागं काय लपवायचं असेल, असं त्याला वाटलं.

फादरांनी तक्रार ऐकून घेतली आणि चर्चच्या पंच मंडळापुढं ठेवली. आम्ही सात जण. मी चिटणीस. त्या बैठकीत जनावराला आत्मा आहे की नाही यावर दीड तास चर्चा झाली आणि ती सगळी मी लिहून घेतलेली नाही. डेअरीवाल्या ग्रूबहोफरचं मत, की गाय खाटकाची गाडी ओळखते, म्हणजे तिला काहीतरी असतं. पण ते मान्य केलं तर त्याचा धंदा बसतो, म्हणून त्यानं मत मागं घेतलं. औषधवाल्या बाईंचं म्हणणं, की जे मांजर त्यांच्या आईच्या पलंगाखाली तीन दिवस अन्न सोडून बसलं होतं त्याला आत्मा नसेल तर मग त्यांच्या भावाला नक्कीच नाही, तो अंत्यविधीलाही आला नव्हता. फादर म्हणाले की चर्च जनावराच्या आत्म्याबद्दल फारसं बोलत नाही आणि ज्याबद्दल चर्च बोलत नाही त्याबद्दल आपण रात्री आठनंतर बोलू नये. कबर उघडायची तर जिल्हा कचेरीची परवानगी लागते. ती नुसत्या संशयावर मिळत नाही. तेव्हा क्विरिननं आपली सळई वापरून काय ते बघावं आणि सर्व संतांच्या सणाआधी सांगावं.

सळई म्हणजे हाताएवढ्या आडव्या मुठीची, माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी कांब. नवी कबर खोदण्याआधी शेजारची जुनी पेटी कुठवर आहे ते मेस्नर तिनं चाचपतो. क्विरिनचा हात या कामात असा बसलेला, की ओक आणि देवदार यांतला फरक मीटरभर मातीखालून सांगेल.

ऑक्टोबरअखेरच्या एका मंगळवारी सकाळी अकराला तो सळई घेऊन लोइब्लांच्या कबरीवर गेला. मी दोन ओळी पलीकडे माझ्या बायकोच्या कबरीवरची मेणबत्ती बदलत होतो. बदलून झाली होती, पण मी बदलत राहिलो. बुर्गी फाटकातून आली. तिला कुणी कळवलं ते मी सांगणार नाही. क्विरिनला अजून संशय आहे. ती येऊन दगडाजवळ उभी राहिली, एक हात कास्पारच्या नावावर ठेवून.

"टोच," ती म्हणाली. "थांबलास कशाला? टोच."

"तू आधी सांग बुर्गी, म्हणजे टोचायला नको."

"मी काय सांगणार? पायाकडं टोच. सापडला तर मलाही सांग. सहा आठवडे मी हेच विचारतेय, की तो गेला कुठं."

क्विरिननं सळई रोवली. दोन वीत गेल्यावर ती थांबली. मी त्याचा चेहरा बघत नव्हतो, मनगट बघत होतो. दगडावर सळई थांबली की मनगट उडतं. ते उडलं नाही. काहीतरी किंचित दबलं आणि त्यानं हात तिथंच थांबवला, झोपलेल्याला चुकून पाय लागावा तसा. मग हळू बाहेर काढली. टोक पँटला पुसलं.

आता तो बोलणार, नियम सांगणार, असं मला वाटलं. तो खाली बसला, शेजारच्या कबरीच्या कडेवर. हे त्यानं कधीच केलं नव्हतं. कुणी बसलं तर तो उठवायचा.

"आमच्या घरात दोन झाली होती," तो म्हणाला. "एकोणपन्नास साली. मी आणि ती. ती आधी."



त्यानं जे सांगितलं ते तुटक होतं आणि मला दोन ओळी पलीकडून ऐकावं लागलं, पण ते असं. मुलगी जन्मली ती मेलेली. चाळीस मिनिटांनी हा झाला, निळा पडलेला, पण धुगधुगी असलेला. अशा वेळी सुईणीलाच बाप्तिस्मा देण्याचा अधिकार असतो. तिनं तांब्याभर पाणी घेऊन याला दिला. मुलीला दिला नाही. मेलेल्याला देता येत नाही. त्या काळात सुइणी थोडं खोटं बोलायच्या. बोट हललं म्हणायच्या, पाणी घालायच्या आणि आईला झोप लागायची. ही सुईण प्रामाणिक होती. बाप्तिस्मा नाही म्हणून पवित्र जमिनीत जागा नाही. आणि मेस्नर कोण, तर मुलीचा बाप. बार्थलनं वेदीच्या मेणबत्त्यांचं एक रिकामं खोकं घेतलं आणि संध्याकाळी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, उत्तरेच्या अंगाला, मुलगी पुरली. वर खूण केली नाही. क्विरिन बारा वर्षांचा असताना भिंतीलगत गवत कापायला बापाबरोबर गेला, तेव्हा एका ठिकाणी बाप म्हणाला, इथं विळा जरा वरून चालव. एवढंच. बाकीचं त्याला आईकडून कळलं.

अशा मुलांसाठी धर्मपंडितांनी एक जागाही नेमून दिली होती. स्वर्ग नाही, नरक नाही, काठावरची. दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही. पंडितांनी जनावराला मरणारा आत्मा दिला आणि या मुलांना न मरणारा. पण ठेवायला दोघांनाही आत जागा नव्हती. अलीकडं, दहाएक वर्षांपूर्वी, चर्चनं ही काठावरची जागा फारसा गाजावाजा न करता मोडीत काढली. मजला रिकामा केला; भाडेकरूंचं काय झालं ते कळवलं नाही.

"माझी बहीण भिंतीबाहेर," क्विरिन म्हणाला, "आणि हा आत. फादरांच्या पायावर भुंकणारा. बापानं नियम म्हणून पोटची पोर बाहेर टाकली. आता तू म्हणतेस नियम नव्हताच. मग बाप कशासाठी वागला तसा? सांग की."

"मी कुठं काय म्हणाले?"

"हे म्हणणंच झालं." त्यानं मातीकडं बोट केलं.

बुर्गीनं उत्तर दिलं. दिलं ते कडवट होतं आणि ती पुढं मला म्हणाली, की तिला ते तितकं कडवट करायचं नव्हतं.

"तिला वास्टलनं बाहेर टाकलं का क्विरिन? तुझ्या बापानं टाकलं. त्या वेळच्या फादरांनी टाकलं. ह्याला उकरून काढलास तर ती आत येणार आहे का? सत्तर वर्षं किल्ल्या तुमच्याच घरात आहेत. फाटक कुणी धरून ठेवलं होतं?"

क्विरिन उठला, सळई खांद्यावर घेतली आणि गेला. बुर्गी गुडघ्यावर बसली आणि सळईनं पडलेलं भोक अंगठ्यानं बुजवू लागली. मी माझी मेणबत्ती चौथ्यांदा पेटवली.

शनिवारी फादरांच्या खोलीत त्यानं अहवाल दिला. चिटणीस म्हणून मी हजर होतो. फादर टेबलापाशी, क्विरिन उभा. खुर्ची दिली तर त्यानं आधी तिच्याखाली बघितलं आणि तरी बसला नाही.

"दगड लागला," तो म्हणाला.

फादरांनी पेन खाली ठेवलं. "कसला दगड?"

"मऊसर."

फादर माझ्याकडं वळले. मला लिहायला सांगितलं, की मेस्नरला दगड लागला. मी लिहिलं. मऊसर लिहायचं का, असं मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि ते त्यानं असं सांगितलं की कुणाला खरं वाटू नये.

मग त्यानं दुसरी गोष्ट काढली. भिंतीबाहेरची. फादरांना हे नवीन होतं. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, की सर्व संतांच्या दिवशी कबरींची फेरी झाल्यावर बादली घेऊन फाटकाबाहेर गेलं तर चालेल का. त्याची तयारी मला दिसत होती. नकार येणार, मग तो बापाचं नाव घेणार, मग वाद होणार. सत्तर वर्षांचा वाद त्यानं मनात पाठ करून आणला होता.

"जाऊ की," फादर म्हणाले.

क्विरिननं मागं वळून बघितलं, दुसरं कुणी बोललं का म्हणून.

"नियम?"

"बाहेर जायला फाटक लागतं, मेस्नर. नियम नाही लागत."

"इतकं सोपं आहे?"

"आता आहे."

"मग माझ्या बापाला कुणी का नाही सांगितलं?"

फादर म्हणाले, की त्या वेळी कदाचित कुणी विचारलं नसेल. ते चांगल्या मनानं म्हणाले. पण क्विरिनला ते लागलं.

"आई विचारत होती," तो म्हणाला. "दर वर्षी. एक नोव्हेंबरला, ह्याच खोलीत. मी बाहेर बादली धरून उभा असायचो."

 क्विरिन दाराशी जाऊन थांबला. हे सौदा म्हणून देताय का, दगडाच्या बदल्यात, असं त्यानं विचारलं. फादर म्हणाले, नाही. ते नाही त्याला पटलेलं दिसलं नाही. गावालाही पुढं पटलं नाही. बेकरीत अजून असंच बोलतात की मेस्नरनं कुत्रा गिळला आणि फादरांनी त्याची किंमत मोजली. मी तिथं होतो, आणि मलाही खात्री नाही.

एक नोव्हेंबरला दुपारी दोनला धुकं होतं. आमच्याकडं त्या दिवशी प्रत्येक कुटुंब आपापल्या कबरीशी उभं राहतं. बँड वाजतो, फादर ओळीओळीनं फिरतात, मेस्नर बादली घेऊन बरोबर. कुठून कुठं जायचं ते मेस्नर ठरवतो. त्यामुळं त्या दिवशी दोनशे कबरींवरचे लोक मेलेल्यांकडं न बघता क्विरिनच्या बुटांकडं बघत होते. सातव्या ओळीशी आला की तो लोइब्लांकडं वळतो की पुढं जातो?

तो वळला. बुर्गी काळा कोट घालून उभी होती, मुलगा शेजारी. कबरीवर थंडीची जांभळी रोपं नीट लावलेली, माती सपाट. चार बोटं कुठं गेली ते तिलाच ठाऊक. फादरांनी शिंपडणी बुडवली आणि पाणी टाकलं, एकदा डोक्याकडं, एकदा मधे, एकदा पायाकडं.

"पायाकडं जरा जास्त होतंय, फादर," क्विरिन हळूच म्हणाला.

फादरांनी आणखी एकदा पायाकडं टाकलं. बुर्गीनं मान खाली घातली. मुलाला काही कळलं नाही; तो रोझनहाइमचा.

शेवटची ओळ झाली. इथं बँडनं शेवटचं गाणं वाजवायचं आणि लोकांनी कॉफीला जायचं. पण बादली फाटकाकडं निघाली आणि फादर तिच्यामागं. बँडमास्तरनं हात वर केला तो तसाच राहिला. कबर सोडून जायची पद्धत नाही, म्हणून कुणी हललं नाही. सगळ्यांत आधी हलली ती बुर्गी. एवढं भांडून राखलेली जागा मुलाच्या हवाली केली आणि बाहेर गेली. मी चिटणीस असल्यामुळं गेलो. बाकी कारण नाही.

उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही. खाली नेटलचं खाजरं तण माजलेलं होतं, पण एका खाटेएवढ्या जागेत गवत वितभर ठेवून कापलेलं. विळा वरून चालवल्यासारखं.

फादरांनी पुस्तक उघडलं. लहान मुलांसाठीची प्रार्थना म्हणाले, छोटी आहे ती. मग थांबले, कारण तिथं नाव घ्यायचं असतं.

"नाव नव्हतं," क्विरिन म्हणाला. "बाप्तिस्मा नाही तर नाव कुठलं."

 मग बुर्गी म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "मग आता ठेव ना रे."

क्विरिननं फादरांकडं बघितलं. "आत्ता ठेवलेलं चालतं का?"

"चालतं."

"तुम्ही सगळ्यालाच चालतं म्हणता, फादर."

"हो," फादर म्हणाले.

क्विरिननं टोपी काढली. सत्तर वर्षांत त्यानं या प्रश्नाचा कधी विचार केला नव्हता असं नाही, हे उत्तर किती लवकर आलं त्यावरून कळलं. "अफ्रा," तो म्हणाला, आणि मग शाळेच्या हजेरीत म्हणतात तसं, आडनाव आधी लावून पुन्हा, "आयझनरीडर, अफ्रा."

फादरांनी नाव घेतलं आणि तीनदा पाणी शिंपडलं. भिंतीपलीकडं बँडमास्तरचा धीर सुटला असावा, कारण गाणं सुरू झालं. फादरांनी पुस्तक मिटलं. बुर्गी नेटलमधून वाट काढत परत निघाली. क्विरिन जागेवरच होता. तो वाकून गवत बघत होता, पात्यापात्यानं, आणि मग भिंत. भिंतीवर ओले ठिपके होते. ते त्यानं बोटानं मोजल्यासारखे केले.

"निम्मं भिंतीलाच गेलं," तो म्हणाला. फादरांच्या हातातली शिंपडणी त्यानं काढून घेतली, बादलीत तळापर्यंत बुडवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.